ग्रेप, फाइंड आणि कॅट यांचे नवे पर्याय : कोल्हापुरातील कामाच्या कसोटीवर

शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांसाठी, तसेच मार्केट यार्डातील गूळ अडत्यांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याचा बराच वेळ टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मजकूर आणि फाईल शोधण्यात जातो. ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा), फाइंड (फाईल शोधणारी) आणि कॅट (फाईल दाखवणारी) यांच्या जागी आलेली नवी साधने मी त्याच कामासाठी वापरून पाहिली आहेत.

यांपैकी ग्रेपच्या जागी येणारे रिपग्रेप सर्वांत उपयुक्त आहे. केन थॉम्प्सन यांचे ग्रेप १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचे, तर अँड्र्यू गॅलंट यांनी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले रिपग्रेप २०१६ चे. त्याच्या वेगाची चर्चा फार होते आणि ती खोटीही नाही, कारण ते अनेक फाईल एकाच वेळी प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरवर वाचते. मात्र एकाच मोठ्या फाईलमध्ये शोधताना ग्रेपही फारसे मागे पडत नाही. माझ्या मते रिपग्रेपचे खरे मोल वेगात नसून काहीही न सांगता ते जे गृहीत धरते त्यात आहे. ते आपणहून सगळ्या उपफोल्डरांत शिरते, टर्मिनलवर ओळ क्रमांक दाखवते आणि गिटइग्नोअरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाईलींच्या यादीत) नोंदवलेल्या, लपवलेल्या व बायनरी (साधा मजकूर नसलेल्या) फाईल वगळते.

धोकाही नेमका याच गृहीतकात आहे. बहुतेक प्रकल्पांत लॉग फाईल, म्हणजे सॉफ्टवेअरने आपल्या कामाच्या व चुकांच्या केलेल्या नोंदी, गिटइग्नोअरमध्ये असतात, आणि कारखान्यातून तक्रार आल्यावर शोधायचा असतो तो लॉगच. अशा वेळी रिपग्रेप एकही ओळ न दाखवता थांबते आणि नवख्या माणसाला चूक लॉगमध्ये नोंदलीच गेली नाही असे वाटते. यू हा पर्याय एकदा दिला की गिटइग्नोअरचे बंधन सुटते आणि तीनदा दिला की सर्व गाळण्या बंद होतात. हाताखालच्या मुलांना साधन बसवून देण्याआधी हे शिकवावे.

मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र रिपग्रेपने मला खूश केले. अडत्यांच्या पट्ट्यांमध्ये वजन आणि दर कधी देवनागरी, तर कधी इंग्रजी अंकांत लिहिलेले असतात. ग्रेपमध्ये शून्य ते नऊ अशी नेहमीची इंग्रजी अंकांची कक्षा दिली की देवनागरी अंक निसटतात, तर रिपग्रेपमध्ये बॅकस्लॅश डी लिहिले की दोन्ही सापडतात, कारण त्याची रेगेक्स (शोधाचा नमुना लिहिण्याची पद्धत) युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीची अंक-वर्गवारी मानते. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांपुढे मात्र दोन्ही साधने सारखीच हतबल आहेत. त्यातले अर्धे र कोणी नुक्ता असलेल्या र ने लिहितो, कोणी साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही एकच असले तरी शोधताना एक लिहून दुसरे मिळत नाही.

फाइंडच्या जागी डेव्हिड पीटर यांचे एफडी मी बिनशर्त सुचवेन. फाइंडच्या पर्यायांचा क्रम आणि अवतरणचिन्हे आठवत बसण्यापेक्षा फक्त नावाचा तुकडा लिहिणे सोपे आहे. त्या तुकड्यात मोठे अक्षर नसेल तर लहान-मोठ्याचा भेद एफडी स्वतःच सोडून देते. त्यांचेच बॅट रंगीत आणि देखणे आहे, पण कॅटपेक्षा त्याची तुलना लेसशी (फाईल पानापानाने दाखवणाऱ्या आज्ञेशी) करणे योग्य ठरेल. उबंटू या लिनक्सवर ही नावे आधीच दुसऱ्या पॅकेजांनी घेतलेली असल्याने आज्ञा एफडीफाइंड आणि बॅटकॅट अशा होतात, त्यामुळे ॲलियस (आज्ञेला छोटे टोपणनाव) करणे आले. फोल्डरमधील फाईलींची यादी देणाऱ्या एलएसच्या जागी एक्सा वापरणाऱ्यांनी, त्याची देखभाल थांबलेली असल्याने, त्यापासूनच निघालेल्या एझाकडे वळावे.

सेड आणि ऑक या मजकूर बदलणाऱ्या जुन्या आज्ञांना मी हात लावलेला नाही. ग्राहकाच्या सर्व्हरवर रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तर वरीलपैकी एकही नवे साधन घालू नये. त्या यंत्रांवर बहुधा इंटरनेट नसते आणि नवे काही बसवायला परवानगी मागावी लागते. रिपग्रेपची स्वयंपूर्ण बायनरी (थेट चालणारी प्रोग्रॅमची फाईल) पेनड्राइव्हवरून जुन्या लिनक्सवरही चालते, हे खरे. पण आपण तिथे नसताना ती स्क्रिप्ट दुरुस्त करणाऱ्याला ग्रेप येत असते, रिपग्रेप येईलच असे नाही.