पर्सिस्टंटमधून थेट एसक्यूएल : एक बेदाणा हंगाम वापरल्यावर

पर्सिस्टंट म्हणजे हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतली डेटाबेस हाताळायची लायब्ररी. येसोड या हॅस्केलच्या वेब फ्रेमवर्कशी त्याचं नातं काय, टेबलांची मांडणी सांगणारी मॉडेल फाइल कशी लिहायची, हे इथे पुन्हा सांगत बसत नाही. हॅस्केलमधून डेटाबेसला ज्यांनी हात लावलाय त्यांना ते पाठ असणार. मी लिहितोय ते फक्त त्यातल्या रॉ-एसक्यूएल या फंक्शनबद्दल. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएलमध्ये विचारलेला प्रश्न, आपली आपण मजकूर म्हणून द्यायची आणि उत्तर मात्र टाइपात, म्हणजे डेटाचा प्रकार ठरवून, घ्यायचं, ही ती सोय. सांगलीतल्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजचा सगळा हिशेब मी यावर चालवतो. लॉट आला, बॉक्स गेले, भाडं चढलं, बँकेचं तारण लागलं, माल एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर झाला, सगळं.

लिहायला निमित्त झालं ते झीरो पेमेंटच्या तोंडावर. दिवाळीच्या सुमाराला इकडे बेदाण्याचे सौदे बंद ठेवतात आणि तेवढ्यात सगळ्यांनी आपापली येणी-देणी शून्यावर आणायची, असा रिवाज आहे. त्या दिवसांत स्टोरेजच्या काउंटरवर दुसरं काही विचारत नाहीत. कुणाच्या नावावर किती माल शिल्लक आणि भाडं किती, बास. नेमका तोच रिपोर्ट बसला. दिवाणजींचा फोन : "दादा, शिल्लक यादी निघंना झालीय बघा. नुसतं इंग्लिश येतंय."

ते इंग्लिश असं होतं : इंट (पूर्णांक) हवा होता, डेटाबेसकडून रॅशनल (अपूर्णांकी संख्या) आला.

झालं होतं असं. वजनाचा कॉलम आधी डबल, म्हणजे दशांशाचा आकडा, होता. थोडा थोडा माल उचलला की बाकी 14.999999 अशी दिसायला लागायची, आणि व्यापारी त्या नऊंकडे संशयाने बघायचे. म्हणून वजन ग्रॅममध्ये, पूर्णांकात साठवायचं ठरवलं. बॉक्स 15 किलोचा, म्हणजे 15000. मॉडेलमध्ये टाइप बदलला आणि कंपायलरने त्याचं काम चोख केलं. जिथे जिथे वजन वापरलं होतं ती प्रत्येक जागा त्याने बोट ठेवून दाखवली. याच सुखासाठी माणूस हॅस्केलच्या वाटेला जातो. थेट एसक्यूएलच्या क्वेऱ्या मात्र त्याच्या दृष्टीने नुसती अक्षरं. तिथे उत्तराचा टाइप सिंगल डबलचा सिंगल इंट केला (सिंगल म्हणजे उत्तरातल्या एका कॉलमभोवतीचं वेष्टण), कंपाइल झालं, टेस्ट हिरव्या झाल्या, आणि गिऱ्हाईक काउंटरला उभं असताना पडलं.

कारण पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसचा सम, म्हणजे बेरजेचं फंक्शन. पर्सिस्टंट हॅस्केलच्या इंटसाठी पोस्टग्रेसमध्ये बिगइंटचा (64 बिटी पूर्णांकाचा) कॉलम करतं. पोस्टग्रेस बिगइंटची बेरीज केली की बिगइंट देत नाही, न्यूमरिक (खूप मोठा आकडाही मावणारा टाइप) देतं. न्यूमरिक पर्सिस्टंटकडे रॅशनल म्हणून येतं, आणि रॅशनलचा इंट करायला ते नकार देतं. साध्या इंटिजरची बेरीज बिगइंट येते, काउंट बिगइंट येतो, मॅक्स कॉलमच्याच टाइपात येतो. म्हणजे तीन रिपोर्ट व्यवस्थित चालतात आणि चौथा, ज्यावर पैसे ठरतात तो, पडतो. वर गंमत अशी की उत्तराचा टाइप जुना डबलच राहिला असता तर रॅशनलचा डबल गुपचूप झाला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

पोस्टग्रेसची बाजू मला समजते. बेरीज बिगइंटच्या बाहेर गेली तर काय, म्हणून त्यांनी मोठं भांडं घेतलं. पण बिगइंटची मर्यादा 9.2 गुणिले 10 चा 18 वा घात आहे. ग्रॅममध्ये धरलं तर साधारण 9.2 लाख कोटी टन. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत सगळं धरा, विजापूरचा माल धरा, एवढा बेदाणा पृथ्वीवर व्हायचा नाही. त्या काल्पनिक बेदाण्यापायी माझी खरी शिल्लक यादी अडली, याचा राग अजून गेलेला नाही. उपाय फुटकळ आहे. बेरजेचा कंस मिटला की दोन कोलन आणि बिगइंट. विंडो फंक्शनमधल्या, म्हणजे प्रत्येक ओळीसमोर चालती बेरीज देणाऱ्या, सम-ओव्हरलाही तेच लावावं लागतं, तिथे विसरायला होतं.

यातला खरा त्रास वेगळा आहे. रॉ-एसक्यूएल टाइप तपासतं ते ओळ हातात आल्यावर. कॉलम किती आले आणि किती अपेक्षित होते हेही तेव्हाच बघतं आणि नीट शब्दांत सांगतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ग्रुप-बाय (ओळींचे गट पाडणं) असलेली क्वेरी रिकाम्या टेबलावर चालवली तर एकही ओळ येत नाही, त्यामुळे तपासायलाच काही नसतं. उत्तर रिकामी यादी, टेस्ट पास. ग्रुप-बाय नसेल तर उलट होतं. रिकाम्या टेबलावरही एक ओळ येते, तिच्यात बेरजेच्या जागी नल (रिकामी किंमत) असतो, आणि टाइपात मेबी, म्हणजे किंमत नसूही शकते असं, लिहिलेलं नसेल तर तिथे पडतं. म्हणून आता टेस्टच्या डेटाबेसमध्ये दोन खातेदार, एक हिरवा लॉट, एक काळा लॉट आणि अर्धवट उचल कायम भरलेली असते, आणि प्रत्येक थेट क्वेरी त्यावरून एकदा तरी धावते. स्काला या दुसऱ्या भाषेतल्या डूबी लायब्ररीमध्ये क्वेरीचे टाइप डेटाबेसशी ताडून बघायची सोय सोबतच मिळते. इथे ती आपली आपण करायची.

एक स्वस्त युक्ती मिळाली तीही सांगतो. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइनवर क्वेरी लिहून शेवटी अर्धविरामाऐवजी उलटी तिरकी रेघ आणि जीडेस्क द्यायचं. क्वेरी चालत नाही, फक्त कुठला कॉलम कुठल्या टाइपात येणार ते दिसतं. पोस्टग्रेस 11 पासून आहे. नवीन क्वेरी आता मी आधी तिथे टाकतो आणि मगच हॅस्केलमध्ये सिंगल लिहायला घेतो.

आता दुसरी तक्रार, जी निम्म्याच्या वर मागे घ्यायची आहे. क्वेरीत जोड-प्रश्नचिन्ह (??) दिलं की त्या जागी एन्टिटीचे, म्हणजे मॉडेलमधल्या त्या टेबलाचे, सगळे कॉलम पर्सिस्टंट स्वतः घालतं. छान सोय, पण ते घालतं टेबलाच्या पूर्ण नावासकट. नावपालटाच्या रिपोर्टात देणारा आणि घेणारा दोघंही खातेदार, टेबल एकच. त्याला मी दोन टोपणनावं देऊन जोडतो, आणि टोपणनाव दिलं की पोस्टग्रेस म्हणतं, या नावाचं टेबल इथे नाही, तुम्हाला टोपणनाव म्हणायचंय का? (पोस्टग्रेसच्या या सूचना इतक्या सभ्य असतात की चिडायचीही सोय नाही.) कित्येक महिने मी कॉलम हाताने मोजून सिंगलच्या रांगा लावत होतो आणि लायब्ररीला नावं ठेवत होतो. मग बदलांच्या नोंदी चाळताना एन्टिटी-विथ-प्रीफिक्स दिसलं. 2.10.5 पासून आहे. टोपणनाव टाइपातच लिहायचं, देणाऱ्याला एक, घेणाऱ्याला एक, आणि जोड-प्रश्नचिन्हं आपापली उलगडतात. सिंगलच्या रांगा गेल्या. ही गोष्ट इतकी कोपऱ्यात का ठेवलीय, एवढीच तक्रार उरली.

एकेरी प्रश्नचिन्हावर, म्हणजे क्वेरीत बाहेरून किंमत बसवायच्या जागेवर, माझी तक्रार मात्र कायम आहे. खातेदाराची कळ (ओळीचा ओळख-क्रमांक) आणि लॉटची कळ हॅस्केलमध्ये वेगळे टाइप आहेत, अदलाबदल केली तर कंपायलर उभा करत नाही. पण क्वेरीत द्यायला दोन्हींचं पर्सिस्ट-व्हॅल्यू केलं की दोन्ही नुसते आकडे. यादीत क्रम चुकला तरी सगळं गोड. "पासून" आणि "पर्यंत" या तारखांचंही तेच. मी प्रत्येक क्वेरीभोवती छोटं फंक्शन गुंडाळतो, त्याचे पॅरामीटर खऱ्या टाइपांचे, आणि प्रश्नचिन्हं फक्त त्या फंक्शनच्या पोटात. धोका जात नाही, पण एका जागी बांधून राहतो. नावाने पॅरामीटर देता आले असते तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. जेसनबी या पोस्टग्रेसच्या जेसन साठवायच्या टाइपात एखादी कळ आहे का बघणारा ऑपरेटरही प्रश्नचिन्हच निघाला, तिथे जेसनबी-एक्झिस्ट्स हे फंक्शन वापरून सुटलो.

मग एस्केलेटो (पर्सिस्टंटवर टाइपातच क्वेऱ्या लिहायची लायब्ररी) का नाही, असं विचारणारे आहेत. साध्या जोडण्यांना तेच वापरतो आणि ते चांगलं आहे. पण लॉटची चालती बाकी काढायला विंडो फंक्शन लागतं, आणि ते तिथे बसवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात थेट क्वेरी लिहून, तपासून, एक्स्प्लेन-अॅनालाइजने मोजूनही होते. क्वेरी जशीच्या तशी पीएसक्यूएलमध्ये चिकटवता येते, यातलं सुख रात्री अकराला फोन आल्यावर कळतं.

आणि पैसे. पूर्वी हालचालींच्या सगळ्या ओळी हॅस्केलमध्ये ओढून तिथे फोल्ड, म्हणजे एकेक ओळ घेत बेरीज, करत होतो. दिसायला देखणं, पण हंगामात मेमरी पुरेना. सर्व्हर मोठा घ्यायचा तर भाडं डॉलरमध्ये वाढतं, आणि इकडे स्टोरेजवाले वार्षिक देखभालीच्या बिलातून पाचशे रुपये कमी करा म्हणून चहा पाजतात. बेरजा पोस्टग्रेसकडे ढकलल्यावर सर्व्हर सगळ्यात स्वस्त दरातलाच राहिला. कंपाइल मात्र त्यावर करायचं नाव काढू नका, मॉडेल फाइल वाढली की जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर मेमरी खातो. विश्रामबागच्या घरच्या मशीनवर कंपाइल करतो आणि तयार बायनरी वर चढवतो.

ज्याची अपेक्षा नव्हती ती सुखाची गोष्ट एकच, पण मोठी. थेट क्वेरी आणि टाइपातले इन्सर्ट-अपडेट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, कुठलीही खटपट न करता. तारण असलेल्या लॉटची उचल नोंदवताना मी थेट क्वेरीने ती ओळ सिलेक्ट-फॉर-अपडेट करून धरतो, बाकी तपासतो आणि नोंद नेहमीच्या इन्सर्टने टाकतो. मध्ये काही फाटलं तर सगळं मागे. दोन काउंटरवरून एकाच लॉटचे बॉक्स सुटायचा प्रकार बंद झाला.

पुढच्या हंगामालाही हेच ठेवतोय. हॅस्क्यूएल-टीएच या दुसऱ्या लायब्ररीकडे बघून ठेवलंय, ते क्वेरीचं व्याकरण कंपाइल करतानाच तपासतं, पण टेबलात काय आहे ते बघत नाही, म्हणजे माझा सम तिथेही टेस्टपर्यंत लपलाच असता. शिवाय सगळ्या क्वेऱ्या पुन्हा लिहायचे पैसे स्टोरेजवाले देणार नाहीत. ज्यांचे रिपोर्ट चार-पाच आणि सरळ आहेत त्यांनी यात पडू नये, एस्केलेटोवर भागतं. ज्यांना थेट क्वेऱ्या टाळताच येत नाहीत त्यांनी बिगइंटच्या प्रत्येक बेरजेपुढे ते दोन कोलन आजच घालून टाकावेत.