पेटंट घ्यावे, डिझाइन नोंदवावे की गुपित राखावे?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एकाने काजूची बोंडे पिळणारे यंत्र बनवले. चोथ्यात रस फारसा उरत नाही. त्याच्या शेजाऱ्याची फेणीची भट्टी आहे आणि रस आंबवण्याची त्याची स्वतःची एक युक्ती आहे. दोघांचा प्रश्न एकच: आपली कल्पना दुसऱ्याने उचलली तर? उत्तर मात्र एक नाही. विकत घेणाऱ्याला माल उघडून, खोलून त्यातले मर्म कळते का, हे आधी पाहा.

यंत्र विकले की दुसऱ्या दिवशी कोणीही पाना घेऊन ते सुटे करू शकतो. तिथे गुपित टिकत नाही; पेटंटच हवे. ते अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे चालते. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये, परीक्षणाच्या विनंतीची 4,000. ही विनंती 31 महिन्यांत करावी लागते. पेटंट मिळाल्यावर ते चालू ठेवण्याची वार्षिक फी लागते, अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासूनची. सुरुवातीला 800, शेवटच्या पाच वर्षांत 8,000. गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात, पण भरणा ऑनलाइन होत असल्याने त्यासाठी रात्रीची बस पकडायला नको. खरा खर्च अर्ज लिहून देणाऱ्या पेटंट एजंटचा, आणि तिथे हात आखडू नका. दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगता ती वाक्ये, ढिसाळ लिहिले तर नक्कल करणारा एक दांडा बदलतो आणि सहीसलामत सुटतो.

दगडी कुंडाऐवजी स्टीलचे भांडे, एवढ्यावर पेटंट मिळत नाही. परंपरागत ज्ञानही कायद्याने वगळलेले आहे. बापजाद्यांची फेणीची रीत कोणी स्वतःच्या नावावर करू शकत नाही, आणि ते बरेच आहे. आणखी एक, अर्जाआधी यंत्राचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवलात तर नावीन्य तिथेच संपते. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडल्यास 12 महिन्यांची सवलत असते. गावच्या जत्रेतल्या स्टॉलला ती नाही.

डिझाइन नोंदणी स्वस्त, व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला फी 1,000 रुपये. मुदत 10 वर्षे, पुढे 5 वाढवता येतात. पण संरक्षण फक्त दिसण्याला. यंत्राचा पत्रा वेगळा वाकवून आतली रचना तशीच ठेवणाऱ्याला ते अडवत नाही. फेणीच्या बाटलीचा नवा आकार किंवा शिंपल्यांचा दिवा असेल, तर मात्र मी पेटंटच्या नादी न लागता हेच करेन.

आता भट्टीवाला. बाटली फोडून त्याची आंबवण्याची युक्ती कळत नाही. पेटंटचा अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, म्हणजे कृती जगजाहीर. शिवाय दुसऱ्याच्या बंद भट्टीत ती वापरली जाते हे सिद्ध कसे करणार? त्याने गप्प राहावे. गुपिताला फी नाही, मुदत नाही. मात्र आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदाही नाही, सारी भिस्त गोपनीयतेच्या करारावर. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे याच धंद्यात काम करणार नाही’ ही लाडकी अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. माहिती फोडणार नाही, ही अट टिकते. दुसऱ्याने तीच युक्ती स्वतः शोधली तर तुमचा इलाज नाही.

आधी काही वर्षे गुपित राखू, मग पेटंट घेऊ, असा बेत कोणी आखत असेल तर सोडून द्यावा. अर्जाआधी धंद्यासाठी केलेला गुप्त वापर हे पेटंट रद्द होण्याचे एक कारण आहे.

नावाचे काम ट्रेडमार्कचे: याच गटाला ऑनलाइन फी 4,500, दर 10 वर्षांनी नूतनीकरण, हवे तितक्या वेळा. फेणीला भौगोलिक मानांकन 2009 मध्येच मिळाले आहे, पण तो सामूहिक हक्क. भट्टीवाल्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी.

यंत्रवाल्याला एक सांगेन. वर्षाला चारपाच यंत्रे विकायची आणि दर हंगामात रचना बदलायची, तर पेटंट सोडा, नाव नोंदवा. सिंधुदुर्गापर्यंत माल पाठवायचा असेल तर पहिले यंत्र विकण्याआधी पेटंटचा तात्पुरता, म्हणजे तारीख राखून ठेवणारा अर्ज टाका. पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात, तेवढ्यात खप कळतो. पूर्ण अर्ज केला नाही तर तात्पुरता अर्ज प्रसिद्ध होत नाही. पण विकलेली यंत्रे बाजारात असतात, त्यामुळे त्याच रचनेवर पुन्हा अर्ज करायची सोय उरत नाही.