झेटेकला कार्ब्युरेटर लावताना इग्निशन कुठलं? मेगाजोल्ट आणि एडिसचं परीक्षण

वेस्टफील्ड किंवा लोकोस्टसारख्या हलक्या ब्रिटिश किट कारमध्ये फोर्डचं २.० झेटेक इंजिन बसवायचं, इंजेक्शन उतरवून वेबर ४० किंवा ४५ डीसीओई कार्ब्युरेटरची जोडी चढवायची, इथपर्यंत बहुतेकांचं ठरलेलं असतं. अडचण पुढे येते. झेटेकला डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा फिरता भाग) मुळातच नाही. ठिणगी कधी द्यायची हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सांगत होता आणि इंजेक्शनबरोबर तोही गेला. त्याची जागा घ्यायला ऑटोस्पोर्ट लॅब्जचा मेगाजोल्ट लाइट ज्युनियर आणि फोर्डचं एडिस-४ मॉड्यूल ही जोडी, वायरिंग स्वतः करणाऱ्यासाठी, आजही सगळ्यात चांगली निवड आहे असं आमचं ठाम मत आहे.

कामाची वाटणी अशी. क्रँकचा सेन्सर ३६ वजा १ दातांची, म्हणजे ३६ पैकी एक दात गाळलेली, रिंग वाचतो. एडिस त्यावरून इंजिनाची स्थिती ओळखतं, कॉइल पॅक भरतं आणि सोडतं. मेगाजोल्ट फक्त सांगतो की या क्षणी अ‍ॅडव्हान्स किती अंश हवा, म्हणजे पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वर) पोचण्याच्या किती आधी ठिणगी द्यायची. मेगाजोल्ट बंद पडला किंवा त्याची वायर तुटली तर एडिस आपलं आपण टीडीसीच्या १० अंश आधी ठिणगी देत राहतं. गाडीत दम राहत नाही, पण ती घरी येते. एकाच डब्यात सगळं असलेल्या यंत्रणेत डबा गेला की गाडी जागच्या जागी उभी. आमच्या लेखी या जोडीचा हाच सगळ्यात मोठा गुण.

झेटेकवर रिंग वेगळी बसवावी लागत नाही. ती फ्लायव्हीलच्या इंजिनाकडच्या बाजूला असते आणि सेन्सर ब्लॉकला मागे लागलेला असतो. मात्र हलकं केलेलं किंवा बाजारातलं फ्लायव्हील घेताना त्यावर रिंग आहे ना, हे गिअरबॉक्स चढवण्याआधी बघा. नसेल तर पुढच्या पुलीवर ३६ वजा १ चं चाक लावावं लागतं. पहिला सिलिंडर टीडीसीला असताना गाळलेला दात सेन्सरपासून ९ दात, म्हणजे ९० अंश पुढे गेलेला हवा. सेन्सर आणि दातांत साधारण १ मिमी फट ठेवा आणि ब्रॅकेट जाड घ्या. ब्रॅकेट थरथरलं की वरच्या आरपीएमला मिसफायर होतो आणि माणसं विनाकारण कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसतात.

वायरिंगमध्ये चुका ठरावीकच होतात. सेन्सरची केबल शील्डवालीच घ्या. शील्ड फक्त एडिसच्या टोकाला जोडा, दुसरं टोक मोकळं. सेन्सरच्या दोन वायरी उलट झाल्या तर टायमिंग सरकतं किंवा इंजिन अडखळतं. मेगाजोल्ट आणि एडिसची अर्थिंगची (ग्राउंडची) वायर एकाच ठिकाणी घ्या आणि ते ठिकाण रंग खरवडून स्वच्छ करा. प्लगवायरी रेझिस्टन्सवाल्या हव्यात, नाहीतर त्यांचा गोंगाट सेन्सरच्या सिग्नलमध्ये शिरतो. कॉइल पॅकमध्ये १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी. जोडीतल्या जोडीत वायर बदलली तर काही बिघडत नाही. दोन जोड्यांची अदलाबदल झाली तर इंजिन चालू होत नाही आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून भडका उडतो. पहिल्या स्टार्टला अग्निशामक हाताशी ठेवाच.

टॅकोमीटर एकाच कॉइलला जोडलात तर तो निम्मा आकडा दाखवील, कारण चार सिलिंडरच्या टॅकोला एका फेरीत दोन पल्स लागतात. दोन्ही कॉइलच्या निगेटिव्हवरून एकेक डायोड घेऊन ते एकत्र जोडले की काम होतं.

खरा विचार मागतो तो लोडचा, म्हणजे इंजिनावरचा भार सांगणारा, सेन्सर. डीसीओईत प्रत्येक सिलिंडरचा मार्ग स्वतंत्र, त्यामुळे एका नळीतून घेतलेला व्हॅक्यूम सतत उड्या मारतो आणि प्रेशर सेन्सरला त्यातून काही धड मिळत नाही. चारही नळ्या एका छोट्या डबीत एकत्र करून भागतं, पण आमचा कौल थ्रॉटल पोझिशन सेन्सरला आहे. स्पिंडलच्या टोकाला तीन वायरींचा पोटेन्शिओमीटर बसवा. नुसत्या स्विचचा प्रकार चालणार नाही. थ्रॉटल स्वतंत्र असल्यामुळे थोडं उघडताच इंजिनवर जवळजवळ पूर्ण लोड येतो. म्हणून मॅपच्या (मेगाजोल्टमध्ये भरायच्या अ‍ॅडव्हान्सच्या तक्त्याच्या) दहा ओळी समान अंतरावर न ठेवता खालच्या बाजूला दाटीनं ठेवा: ०, ३, ६, १०, १५, २०, ३०, ४५, ७०, १०० टक्के.

मॅप भरण्याआधी टायमिंग तपासा. मेगाजोल्टचा कनेक्टर काढून इंजिन चालवा आणि टायमिंग लाइट पुलीवर मारा. बरोबर १० अंश दिसायला हवेत. नसतील तर सेन्सर किंवा रिंग चुकीच्या जागी आहे. अ‍ॅडव्हान्सची चकती असलेला लाइट या यंत्रणेवर फसवतो, कारण इथे प्रत्येक फेरीला ठिणगी पडते. चकती शून्यावर ठेवून पुलीवरच्या खुणा वाचा.

सुरुवातीला आयडलला १२ अंशांच्या आसपास ठेवा. आयडलच्या खालच्या आरपीएमच्या घरात ३-४ अंश जास्त द्या, म्हणजे इंजिन पडायला लागलं की आपोआप सावरतं. पूर्ण थ्रॉटलला वर २८ ते ३० अंशांपुढे जाऊ नका, हेडची रचना चांगली असल्यानं झेटेकला जास्त लागत नाही. हलक्या थ्रॉटलवर ३६-३८ पर्यंत चालतं. शेवटचे आकडे रोलिंग रोडवरच (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ठरवा. खडखड ऐकू येईपर्यंत वाढवत नेणं म्हणजे पिस्टन पणाला लावणं.

उणी बाजू म्हणजे एडिसची मॉड्यूलं. नव्वदच्या दशकातल्या फोर्ड एस्कॉर्टसारख्या गाड्यांतून, भंगारातून ती मिळवावी लागतात. घेताना कनेक्टर आणि त्याच्या हातभर वायरी कापून सोबतच घ्या. सुटा कनेक्टर शोधण्यात वेळ जातो. जमलं तर मॉड्यूल दोन घ्या.

ही धावपळ नको असेल तर ओमेक्स २०० घ्या. तोही फक्त इग्निशनसाठीच आहे, पण कॉइल थेट चालवतो, त्यामुळे एडिस लागत नाही. वायरी कमी, खर्च जास्त. फोर्डचं जुनं पिंटो किंवा क्रॉसफ्लो इंजिन असेल तर गणित वेगळं: तिथे डिस्ट्रिब्युटरची जागा तयारच असते, म्हणून फोनवरून अ‍ॅडव्हान्सची वक्ररेषा भरता येणारा १२३ट्यून+ हा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर सरळ बसतो आणि तोच घ्यावा. झेटेकवर मात्र डिस्ट्रिब्युटर बसवण्याचा खटाटोप करू नका.