दाढीनंतरची मानेची आग "एका रात्रीत" घालवणारा हर्बल बाम, मागवायच्या आधी हे वाचा

ज्यांना दाढी केली की मान लाल होते, बारीक पुरळ येतं, आग होते त्या सगळ्यांसाठी लिहितोय. सध्या इन्स्टावर आणि फेसबुकवर "सेन्सिटिव्ह स्किनसाठी आफ्टर शेव्ह हर्बल बाम" अशा ज्या जाहिराती फिरतायत, त्यातलाच एक मी घेतला होता आणि त्यात क्लोबेटासोल निघालं. त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडमध्ये सगळ्यात कडक जे असतात त्यातलं हे एक. अंदाजाने बोलत नाहीये, लॅबचा रिपोर्ट हातात आहे. डबीवर मात्र लिहिलं होतं १०० टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.

मी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला आहे, आमच्याकडे रोज क्लीन शेव्ह लागते, सुट्टी सोडून एक दिवस चुकवून चालत नाही. गालाला कधी काही झालं नाही, त्रास सगळा गळ्याच्या घाटीखाली आणि कानामागून खाली येणाऱ्या पट्ट्यात. वरून युनिफॉर्मची टाइट कॉलर, त्यात जाता येता हेल्मेटचा पट्टा बरोबर तिथेच घासतो, दुपारपर्यंत घाम आला की मिठाचं पाणी लावल्यासारखं चुरचुरतं. ज्यांना होतं त्यांनाच कळेल हे, बाकीचे म्हणतात अरे थोडं पुरळ आहे, होईल बरं. पाहुण्यासमोर उभं राहून हसत बोलायचं आणि मानेकडे हात जाऊ द्यायचा नाही, हे रोज करून बघा मग कळतं.

तर अशा माणसाला फोनवर ती जाहिरात दिसते. आधी लालभडक मान, मग दुसऱ्या दिवशीची स्वच्छ मान, खाली मराठीत लिहिलेलं "दाढीनंतरची जळजळ एका रात्रीत बंद". बटण दाबलं की थेट व्हॉट्सॲप उघडतं आणि तिकडून "नमस्कार सर, मी डॉक्टर बोलतेय, मानेचा फोटो पाठवा". फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर, की तुमच्या रक्तात उष्णता जास्त आहे, केमिकलवाल्या आफ्टरशेव्हने स्किन खराब झालीये, आमचा कोर्स घ्या. आधी छोटी डबी, कॅश ऑन डिलिव्हरी, किंमत एका बऱ्यापैकी शेव्हिंग क्रीमएवढी. त्यात संशय यावा असं काही नव्हतंच, त्यांनी सगळं रचलेलंच असं असतं की पहिल्या पायरीला माणसाला धोका दिसूच नये.

डबी आली. पांढरट पिवळं क्रीम, चंदनाचा वास. रात्री लावलं आणि खरंच सांगतो, सकाळी मान साफ. लाली नाही, खाज नाही, पुरळ बसलेलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. माझी खात्रीच पटली की हे अस्सल औषध आहे. आणि इथेच सगळी गोम आहे, म्हणून हा भाग नीट वाचा.

स्टिरॉइड क्रीम लावलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे लाली काही तासांत उतरते. कोणतं स्टिरॉइड किती कडक हे ठरवायलासुद्धा हीच गोष्ट मोजतात, त्वचा किती पांढरी पडते ती. म्हणजे लाली गेली याचा अर्थ त्रास बरा झाला असा होत नाही, मुळातलं कारण, आत वळलेला केस असो, बोथट ब्लेड असो, सेंटची ॲलर्जी असो, ते तिथेच असतं, फक्त दिसायचं बंद होतं. आणि काही आठवडे रोज लावून मग थांबलात की त्याच रक्तवाहिन्या फुगतात, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट लाल, गरम, सुजलेली मान समोर येते. डॉक्टर याला रिबाउंड म्हणतात.

आता ह्या लोकांची हुशारी बघा. डबी संपली, मी थांबलो, मान पेटली. मी मेसेज केला. तिकडून लगेच रिप्लाय, जणू तयारच ठेवलेला: "सर घाबरू नका, हे चांगलं लक्षण आहे, आतलं विष बाहेर पडतंय, आता कोर्स मध्येच सोडला तर कायमचं राहील." मग तीन महिन्यांचा पूर्ण कोर्स, मोठी डबी, सोबत कसल्यातरी गोळ्या, आणि ह्यावेळी पैसे आधी यूपीआयने. लावलं की परत रात्रीत शांत. म्हणजे त्यांच्याच मालाने पेटवायचं, ते विझवायला परत त्यांचाच माल विकायचा, आणि माणूस त्यांना धन्यवाद देतो. मी दिले आहेत. रिव्ह्यू पण लिहून दिला, पुढच्या डबीवर सूट देतो म्हणाले होते.

नंतर नंतर मानेची कातडी चमकायला लागली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आणि तिच्यात लाल धाग्यांसारख्या शिरा दिसायला लागल्या. ब्लेड नुसतं टेकलं तरी रक्त. हनुवटीखाली मुरुमं, जी मला कॉलेजमध्येपण नव्हती. उन्हात गेलं की आग. तेव्हाही "डॉक्टर" म्हणत होती की जाडा थर लावा.

शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे गेलो, एमडी डर्मटॉलॉजी. मॅडमनी मानेकडे बघितलं आणि औषधाचं नावही न विचारता दोनच प्रश्न केले. लावल्यावर एका रात्रीत बरं वाटलं होतं का, आणि बंद केल्यावर जास्त होतं का? दोन्हीला हो म्हटलं तर म्हणाल्या, उद्या डबी घेऊन या. तीच डबी लॅबमध्ये तपासल्यावर क्लोबेटासोल निघालं. स्टिरॉइड क्रीमने चेहरा बिघडणं इतकं सर्रास आहे की त्याला नावसुद्धा आहे, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस, आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने, आयएडीव्हीएलने, स्टिरॉइड क्रीमच्या गैरवापराविरुद्ध वेगळा टास्क फोर्स केलाय. त्यांच्याच जर्नलमध्ये २०११ साली देशातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या ओपीडीचा अभ्यास आला होता, चेहऱ्याच्या त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ लोकांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, म्हणजे जवळजवळ १५ टक्के.

त्यानंतर २०१८ ला केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. प्रत्यक्षात मेडिकलवाला आजही देतो ते वेगळं, पण तिथे निदान ट्यूबवर नाव तरी छापलेलं असतं. इथे हर्बल नावाखाली लपवून दिलंय, माणसाला कळूच नये म्हणून, आणि मला सगळ्यात जास्त संताप ह्याचाच आहे. क्लोबेटासोल हे डॉक्टरच्या देखरेखीखालीसुद्धा साधारण दोन आठवड्यांच्या वर सलग लावायचं नसतं, चेहऱ्याला तर शक्यतो लावूच नये असं सांगतात, आणि हे लोक तीन महिने जाडा थर लावा सांगतायत.

माझ्या मावसभावानेपण तीच जाहिरात बघून मागवला होता. त्याचं तर अजून वाईट झालं, कारण त्याला दाढीचं पुरळ नव्हतंच, नायटा होता. बुरशीवर स्टिरॉइड लावलं की वरची लाली आणि खाज दबते पण बुरशी आत मजेत पसरते, कडेची गोल रेघ पुसली जाते त्यामुळे बघणाऱ्यालाही पटकन ओळखू येत नाही. गळ्यापासून छातीपर्यंत गेलं त्याचं. मान लाल आहे म्हणजे दाढीचंच आहे असं धरून चालू नका, फोटोवरून तर अजिबात नाही.

डबीचं सांगतो. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर लेबलवर सगळे घटक, बनवणाऱ्याचं नाव पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवल्याची तारीख हे सगळं कायद्याने लागतं. माझ्या डबीवर कोरफड, कडुनिंब, चंदन, हळद एवढी चार चित्रं, आणि "मार्केटेड बाय" म्हणून एक नाव. लायसन्स नंबर नाही, बॅच नाही. तारखेचा शिक्का बोटाने पुसला तर निघत होता. कुरिअरच्या पाकिटावरच्या पत्त्यावर एक मित्र जाऊन आला, तर ते नुसतं पार्सलचं गोडाऊन, दहा जणांचा माल तिथून जातो, ह्या नावाचं कोणाला माहीत नाही.

पैसे परत मागितले तर आधी म्हणे उघडलेली डबी घेत नाही, मग म्हणे तुम्ही कोर्स पाळला नाही, मी लॅबचा रिपोर्ट पाठवल्यावर ब्लॉक. पेज गायब झालं, आणि थोड्याच दिवसांत तेच आधी-नंतरचे फोटो दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसले, डबीचा रंग तेवढा हिरव्याचा निळा. माझा रिव्ह्यूसुद्धा तिथे आहे, वेगळ्या नावाने.

तक्रारी केल्यात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवली, पण ती विक्रेत्याशी बोलून मिटवायची व्यवस्था आहे, विक्रेताच सापडत नसेल तर गाडी अडते. महाराष्ट्र एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, लेखी दिलंय, त्यांचा टोल फ्री १८०० २२२ ३६५, चौकशी चालू आहे. औषधाने त्रास झाला तर तो कळवायला १८०० १८० ३०२४ हा नंबर आहे, तिथेपण सांगितलं, डॉक्टर नसलेला साधा माणूसपण तिथे कळवू शकतो हे मला आधी माहीत नव्हतं. कोणी म्हणेल एवढ्या पैशांसाठी कशाला. पैशांचा विषयच नाहीये. २०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली होती, एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडन्यांना त्रास झाला, गोरं होण्याच्या क्रीममध्ये पारा निघाला होता. लेबल नसलेल्या डबीत काय काय असू शकतं ह्याला अंतच नाही.

आता मान कशी आहे ते खूप जण विचारतात म्हणून. बाम बंद केल्यावरचे पहिले काही आठवडे फार वाईट गेले, झोप लागायची नाही, ओला गार कपडा ठेवून पडायचो. मॅडमनी स्टिरॉइड नसलेलं एक मलम आणि काही दिवस गोळ्या दिल्या. त्यांची नावं इथे देत नाही, कारण ती वाचून कोणी परत दुकानातून स्वतःच आणेल. सोबत बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. लाल शिरा बऱ्याच कमी झाल्यात, पूर्ण गेल्या नाहीत. सगळ्यात उपयोगी पडली ती त्यांची चिठ्ठी, की ह्या पेशंटला काही महिने वस्तरा ब्लेड चालणार नाही, ट्रिमरने मिलिमीटरभर केस ठेवू द्यावेत. एचआरने मुकाट मान्य केली. हे आधी कोणी सांगितलं असतं तर! ज्यांना नोकरीसाठी रोज दाढी लागते त्यांनी अशी चिठ्ठी जरूर मागा.

आणि मूळ त्रासाचं उत्तर इतकं साधं निघालं की राग येतो. मानेवरचे केस सगळे एका दिशेने उगवत नाहीत, माझे घाटीच्या डावीकडे चक्क आडवे आणि कानाखाली वरच्या दिशेने आहेत. दोन दिवस दाढी वाढू देऊन बोट फिरवलं की कळतं, ज्या बाजूला टोचत नाही ती सुलट दिशा. मी आणि आमचा सलूनवाला दोघंही गुळगुळीत करायला उलटा हात मारायचो, कातडी ताणून. ताणून, उलटं आणि तीन चार ब्लेडच्या रेझरने केलं की केस त्वचेच्या खाली कापला जातो, आणि कुरळा असेल तर वर येताना आतच शिरतो, त्याचा होतो फोड. आता आंघोळीनंतर, मऊ झालेल्या केसांवर, एकाच ब्लेडने, न ताणता, सुलट एकच हात. तुरटी बंद, स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह बंद, गार पाणी आणि मॉइश्चरायझर बस. थोडी खुंटं राहतात, राहू देत. एवढं करूनही फोड येत असतील, पू होत असेल किंवा गोल चट्टा दिसत असेल तर मात्र डॉक्टरकडेच जा.

कोणी असा बाम आत्ता लावत असेल तर एकदम घाबरून जाऊ नका, पण डबी घेऊन आधी डॉक्टर गाठा, बंद कसा करायचा हे तेच सांगतील, आणि मध्ये मान पेटली तर ते विष बाहेर पडणं नाही हे लक्षात ठेवा. डबी फेकू नका. चॅट, यूपीआयची पावती, कुरिअरचं पाकीट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट सगळं सांभाळा, चॅट आधी एक्स्पोर्ट करून ठेवा कारण ते लोक त्यांचे मेसेज डिलीट करतात. कायद्यात सोय आहे की कोणीही माणूस विकत घेतलेलं औषध किंवा कॉस्मेटिक फी भरून सरकारी ॲनालिस्टकडून तपासून घेऊ शकतो, ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्टचं कलम २६, ते अर्जात लिहा. आणि कोणाकडे सील न फोडलेली डबी पडून असेल तर ती उघडू नका, माझी उघडलेली होती म्हणून त्यांना तुम्हीच काहीतरी मिसळलं असं म्हणायला जागा मिळते, बंद डबीच्या बाबतीत ती मिळणार नाही.