प्रश्नावली की केस? तालुक्याच्या कॉलेजातून कॉमर्सची पीएचडी करणाऱ्यांसाठी

कोर्सवर्क आटोपून सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायला बसलं की फाटा लागतो. वाणिज्य किंवा व्यवस्थापनातल्या पीएचडीला आपल्याकडे साधारण दोनच वाटा दिसतात. एक म्हणजे प्रश्नावली छापायची, तीन-चारशे जणांकडून भरून घ्यायची, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची आणि काय-वर्ग (चाय-स्क्वेअर) कसोटी लावून गृहीतकं स्वीकारायची किंवा फेटाळायची. दुसरी म्हणजे मोजके व्यवसाय धरायचे, त्यांच्या खोलात शिरायचं आणि केस, म्हणजे एकेका व्यवसायाची सखोल हकीकत, लिहायच्या. तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता पीएचडी उरकू पाहणारी आमच्या भागातली बरीच मुलं-मुली सध्या या फाट्यावर उभी आहेत. काय धरू, म्हणून विचारतात. मी यवतमाळ-वाशीम पट्ट्यात तालुक्याच्या कॉलेजात कॉमर्स शिकवतो. प्रश्नावली घेऊन फिरलोय, आणि शेवटी प्रबंध केसवर दिलाय. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, तेव्हा थोडं सावधपणेच वाचा.

आधी प्रश्नावलीची बाजू, कारण ती लेचीपेची नाही. संशोधन समितीपुढे उभं राहिलात की त्यांना उद्दिष्टं, गृहीतकं आणि नमुन्याचा आकार हवा असतो. प्रश्नावलीवाल्याकडे हे तिन्ही एका पानावर तयार असतं. गाईडलाही ती वाट पायाखालची असते. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर वाणिज्याचे प्रबंध उघडून बसलात तर प्रकरणांची रचनासुद्धा आयती मिळते: चौथ्यात तक्ते, पाचव्यात निष्कर्ष आणि सूचना. वेळेचा हिशेबही तिच्याच बाजूनं लागतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, वर मुदतवाढ. नोकरी सांभाळून अर्धवेळ करायची सोय आहे. दोन कॉलेजांत तासिका, मध्ये एसटी, घरी शेती, अशा माणसाला ठरलेल्या मुदतीत संपेल असं काम हवं असतं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

काही प्रश्न तर मोजल्याशिवाय सुटतच नाहीत. तालुक्यातल्या किती किराणा दुकानांत यूपीआय चालतं, किती बचत गटांचं बँकेचं दुसरं कर्ज झालं, हे विचारायचं असेल तर चार दुकानांच्या केस लिहून काय होणार? तिथे प्रश्नावलीच घ्या.

ही आकड्यांची ओढ आपली एकट्याची नाही, हेही सांगून ठेवतो. १९५९ साली अमेरिकेत फोर्ड आणि कार्नेगी या दोन संस्थांच्या पैशावर व्यवसाय शिक्षणाचे दोन मोठे अहवाल निघाले. तिथल्या बिझनेस स्कूलांतलं शिक्षण उथळ आहे, संशोधनाला शास्त्राची बैठक नाही, असा त्यांचा सूर होता. त्यानंतर संख्याशास्त्राचा जोर वाढला, आणि तो वारा फिरत फिरत आपल्या विद्यापीठांपर्यंत आला. गंमत अशी की त्याच अमेरिकेतली केसची पद्धत १९६१ मध्ये अहमदाबादच्या आयआयएमबरोबर भारतात रुजली. मोठ्या संस्थांनी शिकवायला केस घेतली. आपल्या वाट्याला तक्ते आले.

तक्त्यांवरून ३८४ आठवला. हा आकडा तुम्हाला प्रबंधांमागून प्रबंधांत दिसेल. क्रेजी आणि मॉर्गन यांनी १९७० साली नमुन्याच्या आकाराचा जो तक्ता दिला, त्यात समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं ते सगळे मिळून, कितीही मोठी असली तरी उत्तर ३८४ च्या आसपासच थांबतं. गणित बरोबरच आहे. पण ते समष्टीतल्या प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी आहे असं धरून केलेलं आहे. आपण काय करतो? आपल्या गावचे, मामाच्या गावचे आणि विद्यार्थ्यांच्या गावचे मिळून ३८४ भरतो. तरीही मी एवढ्यावरून प्रश्नावली सोडली नसती. अशी तडजोड सगळेच करतात, आणि परीक्षकही समजून घेतात.

मला सोडायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं, आणि ऐकायला ती क्षुल्लक वाटेल. आपल्याकडे फॉर्म भरायला कोणी नाही म्हणत नाही. मास्तर दारात आला की खाट टाकतात, चहा ठेवतात, आणि कागद पुढे केला की म्हणतात, ‘तुमीच भरून घ्या ना सर, तुमाले जे पायजे थे.’ यात टाळाटाळ नसते हो, पाहुणचार असतो. तुमचं काम व्हावं अशी मनापासून इच्छा असते. आणि नेमकं तेच नडतं, कारण तुम्हाला काय हवंय याचा अंदाज घेऊन माणूस उत्तर देतो. नाराजी थेट तोंडावर सांगायची रीत नाही, आणि ‘पूर्णपणे असहमत’ ते ‘पूर्णपणे सहमत’ अशा पाच घरांच्या फूटपट्टीत सगळे ‘सहमत’वर येऊन बसतात.

माझा विषय तेव्हा कापूस विक्रीतल्या अडचणींचा होता. दिवाळीनंतर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात गाड्यांची रांग लागते, लोक तासन् तास मोकळे बसलेले असतात, म्हणून चाचणी प्रश्नावली मी तिथेच भरून घेत होतो. एका कास्तकाराला विधान वाचून दाखवलं: ‘बाजारातील प्रतवारीच्या पद्धतीबाबत मी समाधानी आहे.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं, ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घातला आणि खालचा मूठभर कापूस काढून माझ्या तळहातावर ठेवला. गार लागला. वरचा थर उन्हानं कडक झाला होता, आतला ओलसर. म्हणाला, ‘व्यापारी हात कुठलोक घालते, त्याच्यावर भाव. मी कायले समाधानी राहू अन् कायले नाराज राहू? आत काय हाय थे मलेच मालूम हाय ना!’ आणि हसला. तेवढ्यात त्याच्या पुतण्यानं माझ्या हातातला फॉर्म घेतला आणि ‘सहमत’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा करून परत दिला, वहीत समास आखावा तशी सरळ ओळ.

विकणाऱ्याला मालाची जात ठाऊक, घेणाऱ्याला नाही, आणि त्यामुळे चांगल्या मालालाही पडेल भाव मिळतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर हे मांडलं, तेही १९७० मध्येच, आणि पुढे २००१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. आम्ही ते एम.कॉम.ला फळ्यावर शिकवतो. इथे तो सिद्धांत ट्रॉलीत बसून स्वतःच्या तोंडानं बोलत होता, आणि माझ्या फॉर्मवर तो लिहायला जागा नव्हती. डाटात गेल्या त्या पुतण्याच्या खुणा.

पुढचं तर आणखी वैताग आणणारं. असे फॉर्म भरले की विश्वसनीयतेची कसोटी बिघडेल असं वाटतं ना? उलट होतं. एकानं सगळीकडे ‘सहमत’ केलं, दुसऱ्यानं सगळीकडे ‘पूर्णपणे सहमत’ केलं, तिसऱ्यानं मधला रकाना धरला, तर विधानं एकमेकांशी झकास जुळतात आणि हे जुळणं मोजणारा क्रोनबाखचा अल्फा वर चढतो. ०.७ च्या वर गेला की आपण ‘साधन विश्वसनीय आहे’ असं लिहून मोकळे. काही विधानं उलटी घालावीत, म्हणजे सरळ रेघ ओढणारा पकडला जातो, हा त्यावरचा पुस्तकी उपाय. मी घालून पाहिली. ‘मला वेळेवर चुकारा (मालाचे पैसे) मिळत नाही’ या विधानाशी ‘असहमत’ म्हणजे चुकारा मिळतो की नाही, हे रांगेतल्या माणसाला समजावताना माझीच जीभ अडखळायला लागली. शहरातल्या बँक कर्मचाऱ्यांवर संशोधन करणाऱ्यांना हा त्रास इतका होत नसेल, शक्य आहे. आमच्याकडे मला तो झाला.

केसची वाट सोपी आहे असं मात्र समजू नका. पहिली अडचण आकड्यांची. व्यापारी सगळं सांगेल, वही दाखवणार नाही. हंगामात तर त्याला मान वर करायला फुरसत नसते. बोलायला बसतो तो उन्हाळ्यात, दुपारी, पंख्याखाली, आणि तेही नाव-गाव बदलण्याच्या अटीवर. एका कृषी केंद्रवाल्यानं उधारीची वही समोर ठेवून मला नफ्याचा सगळा हिशेब तोंडी सांगितला, पण मोबाइल खिशातच ठेवायला लावला. घरी येऊन त्याच रात्री लिहून काढलं नाही, तर दुसऱ्या दिवशी निम्मं विसरायला होतं.

दुसरी अडचण समितीची. ‘वाचायला छान आहे, पण यात गृहीतक कुठे?’ हा प्रश्न येतोच. यावर केस संशोधनावर पुस्तक लिहिणारे रॉबर्ट यिन यांचं म्हणणं पाठ ठेवा: केसवरून समष्टीबद्दल अनुमान काढायचं नसतं, सिद्धांताबद्दल काढायचं असतं. ‘चारच व्यवसाय का?’ असं कोणी विचारलंच, तर कॅथलीन आयझेनहार्ट यांच्या १९८९ च्या लेखात चार ते दहा केस साधारण पुरतात असं म्हटलेलं आहे, तेही सांगा. समितीत एखादा जाणता असेल तर एवढ्यावर भागतं. नसेल तर सिनॉप्सिस परत येतो आणि पुन्हा द्यावा लागतो, माझाही आला होता.

तिसरी अडचण आपल्याच लोकांची. केस म्हणून जे लिहिलं जातं, ते पुष्कळदा त्या संस्थेचं माहितीपत्रक असतं. स्थापना, संचालक मंडळ, पुरस्कार, बलस्थानं-उणिवांचा (स्वॉट) चौकोन, झालं. शेतकरी उत्पादक कंपन्यांवर तर असल्या ‘केस’चा पूर आलाय. केस एखाद्या माणसाच्या अडकलेल्या निर्णयापाशी थांबली पाहिजे. काय करू, हे त्यालाही कळत नसेल, तर ती वर्गात चालते.

आणि वर्ग हा माझ्यासाठी मोठा मुद्दा आहे. आपण काही नुसते संशोधक नाही, सोमवारी बी.कॉम.च्या पोरांपुढे उभं राहायचं असतं. प्रश्नावलीतून निघालेला ‘अमुक टक्के उत्पादक समाधानी आहेत’ हा निष्कर्ष वर्गात सांगून पाहा, कोणी वहीसुद्धा उघडत नाही. मी जिनिंगची केस नेली. सरकारी खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, तिथून बारापर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. अशी चौदा टक्क्यांची परत आलेली गाडी एका खासगी व्यापाऱ्याच्या दारात उभी आहे, कास्तकार ओळखीचा आहे, भाव काय द्यायचा? मुलांनी हिशेब मांडला. क्विंटलला साधारण ३४ किलो रुई (सरकी काढलेला कापूस), बाकी बहुतेक सरकी, थोडी घट. बारावर दोन टक्के जास्त म्हणजे क्विंटलमागे जवळपास दोन किलो पाणी कापसाच्या भावानं घ्यायचं. एक म्हणे सरळ कापून द्या. दुसरी म्हणे आज कापलं तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच्या दारात जाईल. कधी तोंड न उघडणारा एक मुलगा मागून बोलला, ‘सर, रुईचं काय धरून बसले, सरकीचा भाव पाहा ना. ढेप (सरकीची पेंड) महाग असली तं व्यापाऱ्याले परवडते.’ घरी गाई-म्हशी असलेल्या पोराला संयुक्त उत्पादनाचा परिव्यय, म्हणजे एकाच मालातून निघणाऱ्या दोन वस्तूंचा हिशेब, कोणी शिकवला नव्हता. पुस्तकातलं ते प्रकरण त्या दिवशी मला फार समजवावं लागलं नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणात पदवीलाच फील्ड प्रोजेक्ट आलंय, तेव्हा हा प्रश्न पोरांनाही आहे. बहुतेक जण गुगल फॉर्म करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवतात आणि पन्नास मित्रांच्या उत्तरांचा वर्तुळालेख छापतात. त्यांना दोष कसा देणार, त्यांच्या सरांनी तेच केलेलं असतं. ज्यानं स्वतः एक तरी केस लिहिली आहे, तो त्यांना गावातल्या पीठगिरणीपर्यंत तरी पाठवेल, असं आपलं मला वाटतं.

‘दोन्हीचं थोडं थोडं घ्या’ हा सल्लाही मिळेल. कागदावर तो उत्तम आहे. मी पाहिलेल्या प्रबंधांत मात्र त्याचा शेवट एकच झालेला दिसला: तक्त्यांची दीडशे पानं, आणि मागे परिशिष्टात दोन केस. तुमचा गाईड खरोखर दोन्हीत मुरलेला असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा गाईड कोण, यावर बरंच अवलंबून आहे. त्यांच्या हाताखाली झालेले दोन-तीन प्रबंध आधी चाळा. सगळेच तक्त्यांचे असतील आणि तुम्हाला सेवेच्या दृष्टीनं पदवी लवकर हवी असेल, तर मुकाट्यानं प्रश्नावली धरा. विधानं पंधराच्या वर नेऊ नका, ती वऱ्हाडीत विचारा, आणि घरातल्या पोराच्या हाती फॉर्म देऊ नका. गाईड थोडे जरी मोकळे असतील आणि तुम्हाला पुढची वीस-पंचवीस वर्षं शिकवायचं असेल, तर मी केसकडे बोट दाखवीन. मात्र ‘बहु-केस अभ्यास’ हे शब्द सिनॉप्सिसच्या शीर्षकातच घाला. परीक्षकांची यादी करताना केसचा अनुभव असलेली माणसं सुचवा, असं गाईडना आधीच सांगून ठेवा. नाहीतर व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) दिवशी समोरचे परीक्षक पहिलं पान उलटतात आणि विचारतात, ‘सॅम्पल किती?’