ओपनएएफएस सर्व्हरचं जुनं लॅन कार्ड काढलं त्याला आठ महिने झाले, माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं कास्टिंग मशिनिंगचं युनिट आहे, सगळी ड्रॉइंगं ओपनएएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरनं सगळ्यांनी फाईली वापरायच्या सिस्टीमवर, दोन फाईल सर्व्हर इथं आणि निपाणीच्या ऑफिसातली पोरं व्हीपीएनवरनं वापरतात. पहिल्या सर्व्हरला दोन लॅन कार्डं होती, त्यातलं एक जुन्या स्विचला. वळवाच्या पावसात तो स्विच जळाला, मग म्हटलं दुसरं कार्ड हायच की, आणि केबल काढून टाकली. तिथंच चुकलं.

सकाळी निपाणीहून फोन, "ओ सर, फाईल उघडंनाच की, नुसतं फिरालंय". एका मशीनवर लगेच उघडते, दुसऱ्यावर अडकते, दोन दिवस कळंना. कारण असं, की फाईल सर्व्हर सुरू होताना स्वतःचे सगळे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) व्हीएलडीबीत, म्हणजे कुठला डेटा कुठल्या सर्व्हरवर त्याच्या यादीत, नोंदवतो आणि क्लायंट, म्हणजे पोरांचं मशीन, ती यादी घेऊन प्रत्येक पत्त्याला क्रमांक लावतो, त्यात थोडा रँडम आकडा मिसळतो, म्हणून कुणाला मेलेला आयपी आधी येतो आणि टाईमआऊट होईस्तोवर ते तसंच बसतं. केबल काढली म्हणून यादीतनं आयपी जात नाही!

शेवटी केलं ते असं. आधी सेलसर्व्हडीबी, म्हणजे डेटाबेस सर्व्हरच्या पत्त्यांची फाईल, बघितली, कारण ती व्हीएलडीबी सांभाळणारा डेटाबेस सर्व्हर पण त्याच मशीनवर आहे आणि तिथं जुना आयपी असता तर काम वेगळंच झालं असतं, पण नव्हता. मग नेटरिस्ट्रिक्ट फाईलीत, म्हणजे कुठले आयपी नोंदवायचे नाहीत त्या यादीत, जुना आयपी लिहिला, एका ओळीत एकच. ह्या नावाची फाईल क्लायंटला पण असते, मी पहिल्यांदा त्याच्यात लिहिलं आणि काहीच फरक पडला नाही, सर्व्हरची वेगळी, ती सर्व्हरच्या 'लोकल' नावाच्या फोल्डरात सिसआयडी फाईलीच्या शेजारी पाहिजे. एकानं सिसआयडी उडवून टाका म्हणून सांगितलं, ते मी केलं नाही, त्यात सर्व्हरचा यूयूआयडी असतो, म्हणजे त्याची ओळखच, आणि ती फाईल दुसऱ्या मशीनवर कॉपी पण करू नका. रविवारी रात्री सगळे घरी गेल्यावर बॉस रीस्टार्ट कमांडनं फक्त एफएस, म्हणजे फाईल सर्व्हरची प्रोसेस रीस्टार्ट केली, तेवढा वेळ त्या सर्व्हरवरचे व्हॉल्यूम (फाईलींचे गठ्ठे) बंद राहतात, म्हणून दिवसा हे करू नये. मग नोंदवलेले आयपी दाखवणाऱ्या व्हॉस लिस्टअड्रेस कमांडला प्रिंटयूयूआयडी लावून बघितलं, जुना आयपी गेलेला. प्रत्येक क्लायंटवर, जुनी माहिती टाकून नवी घ्यावी म्हणून, एफएस चेकव्हॉल्यूम्स कमांड चालवली आणि सगळ्यात शेवटी कार्ड काढलं.

तेव्हापासून निपाणीहून त्या तक्रारीचा एक फोन नाही. मला हे सिस्टीम फार आवडतंय, व्हॉल्यूम एका सर्व्हरवरनं दुसऱ्यावर हलवला तरी पोरांच्या ड्रॉइंगचा पाथ तोच राहतो, फक्त कार्ड काढायची माहिती चार मॅन पेजात (कमांडच्या माहितीच्या पानांत) विखुरलीय, एका जागी पाहिजे होती. दुसऱ्या सर्व्हरचं जुनं कार्ड अजून आहे, पाऊस लागायच्या आत एका रविवारी ते पण काढणार, ह्या वेळी केबलला हात सगळ्यात शेवटी.