कमाटीबागेतला म्युझियमचा दिवस: दहा महिने वापरलेला बेत

पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार, हातात एक दिवस, आणि त्यात कमाटीबागेतलं, म्हणजे सयाजीबागेतलं, म्युझियम, पिक्चर गॅलरी, तारांगण, प्राणिसंग्रहालय सगळं बसवायचं. बडोद्यातल्या मराठी घरांत हा बेत दर सुट्टीत होतो. दहा महिने तो वेगवेगळ्या क्रमाने वापरून झाला आहे. बागेचा पत्ता बडोदेकराला सांगायला नको, म्हणून थेट क्रमावर येतो. बेत बिघडतो तो क्रमात.

पहिले चार महिने देवमाशाचा सांगाडा, ममी, शिल्पं आणि शेवटी चित्रं असा क्रम होता. तो साफ चुकीचा. पिक्चर गॅलरीत पोचेपर्यंत दोन तास झालेले असतात आणि माणसं चित्रांऐवजी टेकायला जागा शोधू लागतात. चालण्याने पाय एवढे दुखत नाहीत. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात-सुटतात आणि रक्त वर ढकलतात. काचेसमोर दोन-दोन मिनिटं थबकून उभं राहिलं की ते काम थांबतं, रक्त खाली साचतं आणि पाय जड होतात. कडक तळाच्या कोल्हापुरी चपला त्यात भर घालतात. मऊ टाचेचे बूट घाला, चाळीस मिनिटांनी दहा मिनिटं बसा, बसल्यावर टाचा वर-खाली करा. एवढ्याने अख्खा तास जास्त हिंडता येतं. बेतातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच, तिकीट आणि जेवणाच्याही आधीचं.

पाचव्या महिन्यापासून क्रम उलटा केला: दार उघडताच चित्रं. या गॅलरीची इमारत १९१४ साली तयार झाली, पण युरोपातून यायची चित्रं पहिल्या महायुद्धामुळे अडकली आणि दालन खुलं व्हायला १९२१ उजाडलं. ती चित्रं मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाने निवडली होती. इतकी वाट पाहून आलेली चित्रं दमलेल्या डोळ्यांनी बघणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. तैलचित्राच्या वार्निशवर उजेड चकाकतो. समोर उभं राहून काहीच दिसत नसेल तर दोन पावलं बाजूला सरका, चकाकी निघून जाते. लघुचित्रांचं उलट. ती हातात धरून पाहण्यासाठी काढलेली, म्हणून काचेच्या वीतभर अंतरावर जावं लागतं. बायफोकल चष्म्यात खालच्या भिंगातून बघायला मान मागे टाकावी लागते आणि दहा मिनिटांत ती अवघडते. वाचायचा साधा चष्मा वेगळा ठेवा.

त्यानंतर अकोट्याच्या जैन धातुमूर्ती. १९५१ मध्ये इथल्याच अकोट्यात हा साठा सापडला, आणि कला-इतिहासकार उमाकांत शाहांनी त्याचा अभ्यास केला. मुकुट-अलंकार घातलेला जीवंतस्वामी, म्हणजे संन्यासाआधीचा राजपुत्र महावीर, चुकवू नका. काही मूर्तींच्या डोळ्यांत चांदी बसवलेली आहे. समोरून ती लक्षात येत नाही, किंचित तिरकं पाहिलं की डोळे जिवंत होतात. आपल्या शहराच्या मातीतून निघालेलं हे धन बघायला पाहुण्यांआधी आपणच वारंवार जायला हवं, असं मनापासून वाटतं.

सातव्या महिन्यात मत पुन्हा थोडं बदललं. दहा वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर ममी आधी, दहा मिनिटं, एवढंच. नाहीतर प्रत्येक चित्रापाशी “ममी कधी?” चालू राहतं. नीलदेवमाशाचा सांगाडा मात्र शेवटीच. तो एवढा प्रचंड आहे की थकलेल्या माणसालाही पुरून उरतो. त्याला बारीक नजर लागत नाही.

सगळ्यात मोठी चूक पैसे वसूल करण्याची. १८९४ पासूनचा संग्रह, दालनामागून दालन, आणि भारतीयांसाठीचं तिकीट चहा-नाश्त्यापेक्षा स्वस्त. तरी लोक एका तिकिटात सगळं उरकू बघतात. इतकं स्वस्त असेल तर दोनदा काढा. एका खेपेला चित्रं नि मूर्ती, दुसऱ्या खेपेला ममी, देवमासा, प्राणिसंग्रहालय. शहरात राहणाऱ्यांना याहून काटकसरीचा मार्ग नाही. रिक्षाचं भाडं वाढतं, पण एका दिवसात सगळं बघून काहीच न आठवणं जास्त महाग पडतं.

तारांगणाचे खेळ भाषेप्रमाणे ठराविक वेळी असतात, म्हणून ती वेळ आधी पक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती आखा. खेळ चालू आहेत ना, हे आदल्या दिवशी विचारा. साप्ताहिक सुट्टी कधी असते, तेही चारही ठिकाणांचं एकदमच विचारून घ्या. उत्तरायणाचे १४ आणि १५ जानेवारी टाळा, त्या दिवशी शहर पतंग उडवायला गच्चीवर असतं. जोराच्या पावसात विश्वामित्री फुगली तर नदीकाठच्या प्राणिसंग्रहालयाचा विचार सोडा. या नदीत मगरी आहेत. मे महिन्यात बारा ते चार बागेत हिंडू नका, तो वेळ आतल्या दालनांना द्या. शेव-उसळ म्युझियमआधी नको. तिखट खाल्लं की तहान लागते आणि पाण्यासाठी सारखं बाहेर पडावं लागतं. ती संध्याकाळी.

पाहुणे राजा रविवर्मा बघायचा म्हणाले तर मात्र कमाटीबागेत आणू नका. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहे, आणि त्याला वेगळी सकाळ लागते.